सोरायसिसचे पथ्य आणि पूरक गोळ्या : औषधाच्या जोडीने चाललेल्या शोधाची पार्श्वभूमी

माझ्या थोरल्या बहिणीला गेली चौदा वर्षे सोरायसिस आहे. ती सांगलीत राहते आणि दर तीन महिन्यांनी रक्ताचे रिपोर्ट घेऊन मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते. तिच्या कापडी पिशवीत काय काय असते, हे मला आता तोंडपाठ झाले आहे. मेथोट्रेक्सेट या तिच्या मुख्य औषधाच्या पाकिटावर तिने निळ्या पेनने मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवार’ असे लिहून ठेवले आहे. त्याखाली फॉलिक ॲसिडच्या पिवळ्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाच्या आठवड्याच्या गोळ्या, मावसबहिणीने पुण्याहून पाठवलेली माशाच्या तेलाची बाटली, हळदीच्या कॅप्सूल आणि एका वैद्यांनी लिहून दिलेला पथ्याचा कागद असतो. त्या कागदावर वांगे, दही, लोणचे, मासे आणि गूळ बंद असल्याचे लिहिलेले आहे. या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूमागे मोठा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर कोणती वस्तू औषधाच्या जोडीने घ्यावी आणि कोणती बाजूला ठेवावी, याचा विचार बराच सोपा होतो.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकीने सतत चेतवलेली राहते. त्वचेच्या तळाशी तयार होणाऱ्या ज्या पेशींना एरवी वर येऊन गळून पडायला सुमारे महिना लागतो, त्या काही दिवसांतच वर येतात आणि चंदेरी पापुद्र्यांचे थर साचतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तरीही शतकानुशतके तो महारोगात गणला गेला आणि त्यापायी असंख्य माणसांना गावाबाहेर राहावे लागले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट विलन यांनी 1808 च्या सुमारास त्याचे नेमके वर्णन केले आणि 1841 मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी तो महारोगाहून वेगळा असल्याचे ठामपणे मांडले. आपल्याकडे चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील एककुष्ठाचे वर्णन घाम न येणारे, मोठी जागा व्यापणारे, माशाच्या खवल्यांसारखे असे केले आहे. आजचे अनेक वैद्य सोरायसिसचे नाते याच वर्णनाशी जोडतात. त्याच अध्यायात विरुद्ध आहार हे कुष्ठाचे एक कारण म्हणून येते. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत हा आपल्या घराघरांतला नियम आणि ताईच्या कागदावरची ‘बंद’ची यादी या दोन्हींचा उगम तिथवर जातो. मात्र चरकाने कुष्ठ म्हटले म्हणून तो महारोग ठरत नाही, कारण त्या शब्दात तेव्हा त्वचेचे अनेक विकार सामावलेले होते. हा खुलासा मिरजेसारख्या ठिकाणी, जिथे मिशनच्या काळापासून कुष्ठरुग्णांवरही उपचार होत आले, आजही करावा लागतो.

पाश्चात्त्य औषधांची सुरुवात फारशी आश्वासक नव्हती. एकोणिसाव्या शतकात सोमलाचे (आर्सेनिकचे) द्रावण पोटातून दिले जाई. त्याने चट्टे कमी होत, पण पुढे विषबाधा आणि कर्करोगही होई. त्याच शतकात ‘गोवा पावडर’ प्रसिद्ध झाली. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली ही भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली होती आणि गोवा-मुंबईकडे ती गजकर्णावर लावत असत. 1870 च्या दशकात लंडनमध्ये ती सोरायसिसवर वापरली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला, तेव्हा जर्मनीत 1916 मध्ये तिच्या जागी डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध तयार झाले. पुढे डांबराचे मलम व अतिनील किरणे आली आणि 1950 च्या दशकात स्टेरॉइडची मलमे आली.

ताईच्या पिशवीतल्या दोन मुख्य गोळ्यांची कथा मात्र मला सर्वांत मोलाची वाटते. 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र पंडुरोगाचे कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने तो पंडुरोग बरा होतो, हे त्यांनी दाखवले आणि त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. 1940 च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील चमूने ते कृत्रिमरीत्या बनवले. त्याच चमूने फॉलिक ॲसिडला अडवणारी रसायनेही तयार केली आणि 1948 मध्ये त्यांपैकी एकाने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तात्पुरता उतार पडतो असे आढळले. संधिवाताच्या रुग्णांना ते दिले असता ज्यांना सोरायसिसही होता त्यांची त्वचा स्वच्छ झाली, ही गोष्ट 1951 मध्ये नोंदली गेली. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातले औषध. सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणूनच ताईच्या अक्षरातल्या त्या ‘फक्त रविवार’चे मोल मोठे आहे. उरलेल्या दिवसांत फॉलिक ॲसिड घेतल्याने तोंडातले व्रण, मळमळ आणि यकृतावरचा ताण कमी होतो. औषधाच्या जोडीने घ्यायच्या पूरक गोळीचे इतके पक्के उदाहरण सोरायसिसच्या इतिहासात दुसरे नाही.

आहाराचे प्रयोगही त्याच काळात सुरू होते. अमेरिकेत 1913 च्या सुमारास शॅम्बर्ग यांनी कमी प्रथिनांचा आहार सुचवला, तर 1930 च्या दशकात जर्मनीत सोरायसिस हा स्निग्ध पदार्थांच्या चयापचयातला दोष मानून तेल-तूप जवळजवळ बंद करण्याची पद्धत आली. दुसऱ्या महायुद्धातील उपासमारीच्या छावण्यांमध्ये सोरायसिस ओसरल्याच्या नोंदी युद्धानंतर प्रसिद्ध झाल्या. 1960 च्या दशकात एका विशिष्ट अमिनो आम्लाची टंचाई साधण्यासाठी रुग्णांना प्रथिनांपोटी फक्त टर्की पक्ष्याचे मांस खायला घालण्याचा प्रयोग झाला आणि पुढे तो टिकला नाही. या सगळ्यांत छावण्यांची नोंद तेवढी खरी खूण देत होती. पण तिचा अर्थ लावायला आणखी साठ वर्षे जावी लागली, कारण उपाशी माणसाचे केवळ अन्न बदलत नाही, त्याचे वजनही उतरते आणि शरीरातली दाहाची पातळीही.

स्वतःवर प्रयोग करणारा एक माणूसही या इतिहासात आहे. वॉल्टर श्वेकेन्डीक हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्वतः सोरायसिसने त्रस्त होते. शरीरातल्या ऊर्जाचक्रात फ्युमॅरिक आम्ल कमी पडत असावे, असे त्यांना वाटले आणि 1959 मध्ये त्यांनी त्याच्या एस्टरांचा, म्हणजे त्या आम्लापासून बनवलेल्या संयुगांचा, स्वतःवर झालेला परिणाम प्रसिद्ध केला. त्यांचा तर्क पुढे टिकला नाही, पण गुण खरा होता. 1994 मध्ये जर्मनीने त्याला रीतसर औषध म्हणून मान्यता दिली. मान्यतेआधी मात्रा ठरवावी लागली, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवण्याची पद्धत बसवावी लागली आणि त्यात पस्तीस वर्षे गेली.

ड जीवनसत्त्वाचा प्रवास उलट दिशेने झाला. 1985 मध्ये जपानमध्ये हाडांच्या ठिसूळपणासाठी सक्रिय ड जीवनसत्त्व घेणाऱ्या एका रुग्णाचा सोरायसिस कमी झाल्याचे लक्षात आले आणि त्यातून कॅल्सिपोट्रिऑलसारखी लावायची मलमे निघाली, जी आजही पहिल्या फळीत आहेत. त्यावरून गोळीनेही तेच साधेल असा समज पसरला. 2023 मध्ये नॉर्वेतील एका चाचणीत रक्तात ड जीवनसत्त्व कमी असलेल्या 122 रुग्णांना हिवाळ्यात चार महिने गोळ्या किंवा निष्क्रिय गोळ्या देऊन पाहिले, तेव्हा सोरायसिसच्या तीव्रतेत फरक पडला नाही. ताईच्या रक्तात ते कमी निघाले होते, म्हणून हाडांसाठी ती गोळी घेणे योग्यच आहे. पण चट्ट्यांचे गणित त्यावर बसवू नये, हे मी तिला सांगितले आणि तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले.

माशाच्या तेलाचेही असेच झाले. ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांमध्ये सोरायसिस अत्यल्प आढळतो, अशी नोंद 1980 मध्ये झाली आणि कुतूहल वाढले. 1988 मध्ये 28 रुग्णांच्या छोट्या चाचणीत खाज व पापुद्रे कमी झाल्याचे दिसले. 1993 मध्ये 145 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र ते मक्याच्या तेलाहून सरस ठरले नाही. छोट्या चाचणीची बातमी गावभर होते आणि मोठ्या चाचणीची होत नाही, म्हणूनच ती बाटली अजूनही पुण्याहून येते.

ग्लुटेन म्हणजे गहू-जवातले चिकट प्रथिन. त्याबाबत स्वीडनमध्ये 2000 साली झालेल्या अभ्यासाने वेगळी दिशा दाखवली. ज्यांच्या रक्तात ग्लायडिन या ग्लुटेनमधल्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे होती, अशा 33 रुग्णांनी गहू-जव वर्ज्य केल्यावर सुधारणा झाली, तर ज्यांच्यात ती नव्हती त्यांना फायदा झाला नाही. म्हणजे तपासणी केल्याशिवाय सरसकट गहू सोडण्यात अर्थ नाही. आपल्या भागात तर जत, माण, खटावची शाळू ज्वारी हे रोजचे अन्न आहे आणि ज्वारीत ग्लुटेन मुळातच नसते. तरीही सांगलीच्या दुकानांत ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेले महागडे पीठ विकत घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांच्या घरी दुपारी ज्वारीच्याच भाकऱ्या थापल्या जातात.

छावण्यांच्या नोंदीचा अर्थ 2008 मध्ये इटलीतल्या एका चाचणीने लावला. अतिरिक्त वजन असलेल्या 61 रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारयंत्रणा शमवणारे औषध कमी मात्रेत दिले आणि त्यांतील निम्म्यांना जोडीने कमी उष्मांकाचा आहार दिला. चोवीस आठवड्यांनी आहार पाळणाऱ्या गटात सुमारे 67 टक्के, तर फक्त औषध घेणाऱ्या गटात 29 टक्के रुग्णांचा आजार तीन चतुर्थांशाने कमी झाला. आहाराने औषधाची जागा घेतली नाही, पण औषधाचा गुण वाढवला. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने 2018 मध्ये ठोस शिफारस केली ती हीच, म्हणजे वजन जास्त असेल तर ते उतरवण्याची. ताईने एकदा नेमके उलटे केले होते. कडक पथ्य सुरू केल्यावर तिने मेथोट्रेक्सेट आपणहून थांबवले आणि तीन महिन्यांत पाठ, कोपर व टाळू पुन्हा भरून आले. पथ्य ती आजही पाळते, पण आता रविवारची गोळी चुकवत नाही.

हळदीचा विषय सांगलीकर म्हणून मला टाळता येत नाही. इथला हळदीचा बाजार देशात नावाजलेला आहे, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हरिपूरच्या ज्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, हळद वर्षानुवर्षे टिकत असे, त्यांची 2005 च्या महापुराने मोठी हानी केली. हळदीत कर्क्यूमिन हा औषधी मानला जाणारा घटक असतो, पण तो अवघा दोन ते पाच टक्के आणि शरीरात फार थोडा शोषला जातो. म्हणून रोजच्या आमटी-भाजीतल्या हळदीकडून औषधी परिणामाची अपेक्षा करता येत नाही. 2015 मध्ये इटलीत 63 रुग्णांवर झालेल्या चाचणीत शोषण वाढवलेले कर्क्यूमिन स्टेरॉइडच्या मलमाच्या जोडीने दिले असता फायदा जास्त झाला. ही चाचणी लहान होती, सौम्य ते मध्यम आजारावर होती आणि त्यातले कर्क्यूमिन मेथोट्रेक्सेटसोबत दिलेले नव्हते. बाजारातल्या अनेक कॅप्सूलमध्ये शोषण वाढवण्यासाठी मिरीतले पायपरीन घातलेले असते. ते इतर औषधांचेही शोषण बदलू शकते, आणि हळदीच्या अशा पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच पडतो. गेल्या खेपेला ताईचे यकृताचे आकडे वाढलेले आले, तेव्हा डॉक्टरांनी तिला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली, एकेक बाटली वाचली आणि हळदीच्या कॅप्सूल बंद केल्या. पुढच्या महिन्यात रक्त पुन्हा तपासायचे आहे.