तुमची जुनी गाडी रॅलीत कोणत्या वर्गात बसते?

रॅलीचे फॉर्म निघाले की आमच्या वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "आजोबांची गाडी आहे, बसेल ना?" बहुतेक वेळा बसते. पण आरटीओ आणि रॅली भरवणारा क्लब गाडीचं वय वेगवेगळ्या मापाने मोजतात. दोन्ही नीट समजून घ्या, म्हणजे हेलपाटे वाचतील.

आरटीओचा हिशेब

जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. इथे आरसी बुकातली पहिल्या नोंदणीची तारीख धरतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या वेळी ५,०००. आधीच पासिंग झालेल्या गाडीचा जुना नंबर कायम ठेवता येतो. पहिल्यांदाच नोंदणी होत असेल तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं.

अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यावी. रोज ऑफिसला नेता येत नाही, आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने तर मुळीच देता येत नाही.

गाडी मूळ रूपात हवी

खरी अडचण इथे येते. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. आमच्याकडे १९६८ ची एक अँबेसेडर आली होती. पत्रा ठणठणीत, रंग आरशासारखा. बॉनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन! पुढची मार्क टू या मूळ मॉडेलची चौकटीचौकटीची जाळी काढून मार्क फोर या नंतरच्या मॉडेलचं तोंड बसवलेलं. मालकांनी हे सगळं प्रेमाने आणि पैसे मोजून करून घेतलं होतं, म्हणून सांगताना आम्हालाही वाईट वाटलं. जुनं पेट्रोल इंजिन त्यांनी कधीच भंगारात दिलं होतं.

म्हणून कळकळीने सांगतो: काढलेला एकही भाग भंगारवाल्याला देऊ नका. गंजलेलं कार्ब्युरेटर, तडकलेली हेडलाइटची काच, सगळं पोत्यात भरून ठेवा.

चेसिस नंबरवर रंगाचे थर चढले असतील तर स्वतः खरवडू नका, ग्राइंडर तर लावूच नका. आम्ही तिथला रंग थिनरने हळूहळू उतरवतो, मग कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतो. एक आकडा जरी घासला गेला, तरी आरसीशी मेळ लागत नाही.

क्लबचा हिशेब

क्लब गाडी बनल्याचं वर्ष बघतात. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा १९१९ ते १९३० च्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणते, १९३१ ते १९४५ 'पोस्ट व्हिंटेज'. पुढे १९४६ ते १९६०, १९६१ ते १९७० आणि १९७१ नंतरच्या असे गट आहेत, आणि गाडी किमान ३० वर्षांची लागते. म्हणजे १९७० ची फियाट आरटीओत व्हिंटेज ठरेल, फिवाच्या हिशेबात नाही. आपल्याकडच्या रॅलींत या वर्षांच्या सीमा थोड्याफार बदलतात, तेव्हा फॉर्म पूर्ण वाचा. आमच्या मते चुकीच्या गटात बक्षीस मिळवण्यापेक्षा योग्य गटात नुसतं धावणं बरं.

येताना आरसी बुक, विम्याची पॉलिसी आणि असेल तर गाडीचा घरातला जुना फोटो आणा. मूळ आरसे, जाळी, बंपर कसे होते हे अनेकदा त्या फोटोवरूनच कळतं. गाडी धुऊन आणू नका. तेल कुठून गळतंय ते आम्हाला बघू द्या.