पंख्याच्या विमानाचा पायलट ‘शिकाऊ’ असतो?

कोल्हापूरला जाणाऱ्या एटीआरचे, म्हणजे छोट्या प्रवासी विमानाचे, पंखे दिसले की कुणीतरी म्हणतंच, “मोठ्या विमानात जागा न मिळालेले पायलट इथे असतात.” हे चूक आहे.

परवाना दोघांचा एकच. भारतात व्यावसायिक परवान्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, पंख्याच्या विमानाला काही सवलत नाही. आणि ते पंखे फिरवतं ते टर्बाइन इंजिनच, म्हणजे जेटचंच भावंड.

उलट हातांना काम इथे जास्त. बहुतेक जेटमध्ये इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल असतं. एटीआर ७२ मध्ये ते नाही, लिव्हर पायलटच्या मुठीत. जेट ३५ हजार फुटांवरून जातं, एटीआरची मर्यादा २५ हजार. त्यामुळे पावसाळ्यात बरेचदा ढगांवरून जाता येत नाही, वाट वाकडी करावी लागते. त्यात पल्ले छोटे, म्हणजे एका पाळीत चार-चार लँडिंग. थकवा येतो, पण हात असा बसतो की विचारू नका!

खरा तोटा वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायची परवानगी, एअरबसच्या जेटला चालत नाही. जेटवर जायचं तर प्रशिक्षण नव्याने, आणि खर्च स्वतःच्या खिशातून असेल तर आकडा लाखांत. पगारही साधारणपणे जेटपेक्षा कमी. पण रात्री घरी जेवायला मिळण्याची शक्यता जास्त. माझ्या मते ही बाजू हिशेबात धरायलाच हवी.