बर्फ लावलेली मासळी शिळी नसते

हर्णैपासून मालवणपर्यंत एक समज पक्का आहे: बर्फ लागलेली मासळी म्हणजे शिळी. खरं तर उलट आहे. बांगडा, कुपा (ट्यूना) उन्हात पडून राहिले की जिवाणू त्यांत हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार करतात. ते तळून वा शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. म्हणून जाळ्यातून निघताच मासळी ० अंशाजवळ आणावी लागते.

समज पसरला तो बर्फ चुकीचा लावल्यामुळे. एक किलो मासळीला साधारण एक किलो बर्फ लागतो, तोही बारीक फोडलेला. मोठे तुकडे मासा चेपतात आणि मध्ये हवा राहते. तळाला बर्फ, मग मासळी, पुन्हा बर्फ, सगळ्यात वर जाड थर. पेटीचं खालचं भोक मात्र उघडं हवं (नेमकं तेच बुजलेलं असतं!). साचलेल्या पाण्यात कल्ले फिके पडतात, डोळे पांढुरके होतात आणि गिऱ्हाईक तेवढंच पाहून नाक मुरडतं. त्यापेक्षा कल्ल्यांचा वास घ्यावा, पाठीवर बोट दाबून खड्डा लगेच भरतो का पाहावं. हिस्टामिन मात्र वासावरून कळत नाही. बांगडा बर्फाविना किती वेळ होता, हे विचारलेलंच बरं.