जुन्या बुलेटच्या इंजिनात नंतरच्या बनावटीचे पार्ट बसवणं

जुन्या बुलेटचं इंजिन पूर्ण उघडून परत बांधताना मूळ काळातले पार्ट मिळत नाहीत, किंवा मिळाले तरी ते कुठल्यातरी दुकानात वर्षानुवर्षं गंजत पडलेले असतात, म्हणून त्याच इंजिनासाठी नंतर सुधारून काढलेले पार्ट त्यात बसवतात. बांधणाऱ्यांमध्ये ही रोजची गोष्ट आहे, आणि ती करण्यात काही गैर नाही. पण "बसतो" आणि "चालतो" यात खूप अंतर आहे, आणि बहुतेक इंजिनं याच अंतरात मार खातात.

बुलेटच्या बाबतीत हे इतकं चालतं कारण हे डिझाइन फार लांब जगलं. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडच्या रेडिचमधली रॉयल एनफिल्ड यांनी मिळून मद्रासला एन्फील्ड इंडिया काढली, पुढे इंग्लंडमधली कंपनी बंद पडली तरी ३४६ सीसीचं तेच इंजिन, ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोक, ज्याला आपल्याकडे कास्ट आयर्न म्हणतात, ते भारतात पन्नासहून जास्त वर्षं बनत राहिलं. त्यामुळं साठच्या दशकातल्या गाडीला नव्वदच्या दशकातले बरेच पार्ट बाहेरून तरी जसेच्या तसे बसतात. नंतरचं यूसीई म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन मात्र वेगळंच आहे, त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये, त्याचे पार्ट जुन्याला लावायच्या फंदात पडू नये.

सगळ्यात मोठा बदल बिग एंडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा. जुन्या बुलेटमध्ये तिथं बॉल किंवा रोलर नसतो, सुटा फिरणारा बुश म्हणजे धातूची कडी असते, ती क्रँकपिनवर म्हणजे रॉड ज्या पिनभोवती फिरतो तिच्यावरही फिरते आणि रॉडच्या आतही फिरते. दोन्ही बाजूंनी तेलाची फिल्म असली की हा बुश फार शांत चालतो, पण तेल कमी पडलं की लगेच जातो. म्हणून आता रोलरवाले रॉड किट मिळतात आणि लोक ते टाकतात. रोलरला तेल कमी लागतं हे खरं, पण नवीन रॉडचं वजन जुन्याइतकंच असेल असं नाही, वजन बदललं की क्रँकचा बॅलन्स बदलतो आणि हँडलला मुंग्या यायला लागतात, त्यामुळं रॉड आणि पिस्टन दोन्ही वजन करून बघावेत आणि क्रँकची चाकं परत जोडल्यावर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून सरळ आहेत का ते तपासूनच केस बंद करावी. प्रेस आणि डायल नसलेल्या लेथवाल्याकडं हे काम देऊ नये, भले तो निम्म्या पैशात करून देईल.

आणि बिग एंड का गेला हे न शोधता नवीन टाकला तर तोही जाणार. इथं एक छोटा पार्ट बघण्यासारखा आहे. पंपाकडून आलेलं तेल टायमिंग कव्हरच्या आतल्या वाटेनं क्रँक शाफ्टच्या टोकात शिरतं, आणि त्या जोडावर पूर्वी बुचाचा म्हणजे कॉर्कचा वॉशर असायचा. कॉर्क वाळतो, आकसतो, मग तेल बिग एंडला न जाता टायमिंगच्या खोक्यात सांडतं, बाहेर थेंब दिसत नाही, तेलाच्या टाकीत तेल परत येताना दिसतं, सगळं ठीक वाटतं आणि आत बुश कोरडा. नंतरच्या बनावटीचा रबरी सील इथं डोळे झाकून घ्यावा. फक्त कव्हर हातानं दाबून बघायचं, सीलनं ते थोडं मागं ढकललं पाहिजे, नाही ढकललं तर सील नीट दाबला जात नाहीये. पंप फिरवणारा वर्म (स्क्रूसारखा गिअर) उलट्या आट्याचा असतो हेही लक्षात ठेवावं, सरळ समजून जोर लावला की काम वाढतं.

मोठ्या क्षमतेचे तेल पंप पण मिळतात. एक पंप तेल पाठवतो, दुसरा खालचं तेल उचलून टाकीत परत नेतो, तेव्हा पाठवणारा मोठा केला आणि उचलणारा जुनाच ठेवला तर तेल खाली साठतं, सायलेन्सरमधून धूर येतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल. बदलायचे तर दोन्ही.

पिस्टनबाबत जुन्या पुस्तकातला क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, नवीन पिस्टनला लावू नये. धातू वेगळा, स्कर्टचा आकार वेगळा, गरम झाल्यावर फुगणं वेगळं, म्हणून पिस्टन बनवणाऱ्यानं दिलेलाच आकडा धरायचा आणि पिस्टन हातात आल्यावरच सिलिंडर बोअर करायला टाकायचा, आधी नाही. पिस्टनचं डोकं उंच असेल तर व्हॉल्व्हला लागू शकतं. त्यासाठी पिस्टनवर खेळण्यातली मळलेली माती ठेवून हेड कसायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं आणि हेड काढून मातीवर व्हॉल्व्हचा ठसा किती खोल पडलाय ते बघायचं. बोअरमध्ये पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधला गॅपही मोजून घ्यावा.

सहा व्होल्टचं बारा करणं, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावणं हे तुलनेनं सोपं, आणि जुनं सामान जपून ठेवलं तर परत मूळ रूपात नेता येतं. बोल्टांचं मात्र सांभाळायला पाहिजे, जुन्या केसमध्ये इंग्रजी आटे आणि नंतरच्या पार्टबरोबर येणारे बोल्ट मेट्रिक, दोन-तीन फेरे छान जातात म्हणून पुढं कसला की ॲल्युमिनियमचे आटे उपटले.

पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग इथं माल भरपूर मिळतो, पण एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळा माल असतो, तेव्हा जुना पार्ट आणि व्हर्नियर सोबत न्यावा.

मूळपणाचा प्रश्न उरतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. आत रबरी सील किंवा नवीन पिस्टन आहे म्हणून गाडीचा जुनेपणा जातो असं मला अजिबात वाटत नाही, चालणारं इंजिन हीच तिची ओळख. पण क्रँककेस बदलू नये, कारण इंजिन नंबर तिच्यावर असतो आणि तो आरसीशी जुळला पाहिजे. केसला तडा असेल तर चांगल्या वेल्डरकडून भरून घ्यावी, आणि काय काय बदललं याची तारखेसह यादी व फोटो कागदपत्रांबरोबर ठेवावेत, पुढं जो कोणी हे इंजिन उघडेल त्याला पार्ट कुठले मागवायचे ते त्यावरूनच कळेल.