खून (भारतीय फौजदारी कायदा)

भारतीय फौजदारी कायद्यात खून म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे हेतूने किंवा मृत्यू संभवतो हे ठाऊक असताना घडवलेल्या मृत्यूचा, सर्वांत गंभीर प्रकार. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून ठरत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत खुनाची व्याख्या कलम ३०० मध्ये आणि शिक्षा कलम ३०२ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा कलम १०१ आणि १०३ यांनी घेतली. व्याख्येचा गाभा बदललेला नाही, म्हणून जुन्या कलमांवरचे निकाल आजही आधाराला घेतले जातात.

संहितेत खुनाच्या श्रेणी पाडलेल्या नाहीत. मात्र आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध रायवरपू पुन्नय्या (१९७६) या खटल्यात न्यायमूर्ती सरकारिया यांनी सदोष मनुष्यवधाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सर्वांत वर खून, त्याखाली मृत्यू घडवण्याच्या किंवा तशी इजा करण्याच्या हेतूने केलेला पण खून न ठरणारा वध, आणि शेवटी मृत्यू संभवतो याची केवळ जाणीव असताना घडलेला वध. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने १७९४ मध्ये खुनाच्या श्रेणी केल्या तेव्हा विषप्रयोग, दबा धरून केलेला हल्ला किंवा पूर्वनियोजित हत्या यांना पहिल्या श्रेणीत ठेवले. भारतीय व्याख्येत पूर्वनियोजन ही अट नाही. वार करण्याच्या क्षणी मनात आलेला हेतूसुद्धा पुरेसा असतो.

कृत्य चारपैकी कोणत्याही एका पोटकलमात बसले तर तो खून. जीव घेण्याचाच हेतू असणे हे पहिले. दुसऱ्यात आरोपीला समोरच्या माणसाविषयी काही ठाऊक असते: आजाराने खंगलेल्या माणसाला एका ठोशानेही मरण येण्याचा संभव आहे हे माहीत असून तो हेतुपुरस्सर मारतो. चौथ्यात विशिष्ट माणूस डोळ्यांपुढे नसला तरी चालते. गर्दीवर विनाकारण भरलेली तोफ डागणे, हे संहितेचेच उदाहरण.

खरा वाद होतो तो तिसऱ्या पोटकलमावर. हेतुपूर्वक केलेली इजा निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी असेल तर तो खून. मृत्यूचा नुसता संभव असेल तर सदोष मनुष्यवध. रेषा बारीक आहे, आणि तिच्या कोणत्या बाजूला प्रकरण पडते यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते. मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ च्या गोविंदा खटल्यात ती प्रथम नीट आखली. नवऱ्याने बायकोला खाली पाडून छातीवर गुडघा दाबला, तोंडावर बुक्क्या मारल्या, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. दोन न्यायाधीशांचे एकमत होईना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेले. मृत्यूची शक्यता किती, हाच त्यांचा निकष होता. त्यानुसार त्यांनी याला खून मानले नाही. बळी गेलेल्या पत्नीच्या बाजूने पाहिले तर हा निकाल वाचणे जड जाते, पण त्यातला निकष टिकला.

विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५८) मध्ये पोटात भाल्याचा एकच वार होता. जीव घेण्याचा हेतू नव्हता, हा बचाव न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी पुरेसा मानला नाही. झालेली इजा तीच करायची होती का, की ती अपघाताने झाली, एवढाच आरोपीच्या मनाविषयीचा प्रश्न. ती मृत्यूला पुरेशी होती का, हे मात्र वैद्यकीय पुराव्यावरून ठरते. आरोपीला काय वाटले होते, याला तिथे महत्त्व नाही. म्हणून असे खटले बऱ्याचदा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीवर फिरतात. पुन्नय्या खटल्यात काठ्यांचे घाव हातापायांवरच होते, मर्मस्थानी नव्हते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने तो खूनच मानला.

चारपैकी एका पोटकलमात कृत्य बसले, तरी पाच अपवाद त्याला खुनाबाहेर काढू शकतात: गंभीर व अचानक प्रक्षोभ, बचावाच्या हक्काचा सद्हेतूने झालेला अतिरेक, लोकसेवकाने सद्हेतूने केलेले अधिकारातिक्रमण, पूर्वतयारीविना उसळलेली झटापट, आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमती. पहिल्याची कसोटी मुंबईतल्या नानावटी खटल्यात (१९६१) लागली. पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यानंतर नौदल अधिकारी नानावटी यांनी कुटुंबाला चित्रपटगृहावर सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग त्या पुरुषावर गोळ्या झाडल्या. मधल्या काही तासांत मनावर ताबा मिळवायला वेळ होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने अपवाद नाकारला आणि जन्मठेप कायम केली.

खुनाला फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड अशी शिक्षा आहे. बचन सिंग (१९८०) निकालापासून फाशी 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांपुरती मर्यादित झाली. जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनाला फाशी सक्तीची करणारे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात घटनाबाह्य ठरवले. नव्या संहितेने कलम १०३ मध्ये एक पोटकलम वाढवले: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा यांसारख्या कारणावरून खून केला, तर गटातील प्रत्येक जण फाशी किंवा जन्मठेपेस पात्र ठरतो.