५३ टनांची शिळा ३४ मीटरवर कशी चढली?

रोममधल्या ट्राजनच्या जयस्तंभाबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यावर कोरलेल्या युद्धकथेत रमतात. मला मात्र त्याच्या माथ्यावरची एक शिळा सुटत नाही. वजन सुमारे ५३ टन, जमिनीपासूनची उंची सुमारे ३४ मीटर, साल इ. स. ११३. हाताशी काय, तर दोर, लाकूड, कप्प्या आणि माणसं.

सम्राट ट्राजनने डेशियावर, म्हणजे आजच्या रोमानियाच्या मुलखावर, १०१ ते १०६ या काळात दोन युद्धं केली. त्या लुटीतून रोममध्ये त्याचा भव्य चौक उभा राहिला. चौकाचा स्थपती होता दमास्कसचा अपोलोडोरस. डॅन्यूब नदीवर ट्राजनसाठी पूल बांधणारा तो हाच. स्तंभाचं लोकार्पण १२ मे ११३ रोजी झालं.

लांबून हा खांब एकसंध वाटतो, पण तो इटलीतल्या करारा गावच्या खाणींतल्या संगमरवराच्या जाड चकत्या एकावर एक रचून केलेला आहे. साधारण चकतीचं वजन ३० टनांच्या आसपास. गंमत अशी, की खांब आतून पोकळ आहे. आत १८५ पायऱ्यांचा गोल जिना आहे आणि तो बाहेरून आणून बसवलेला नाही, त्याच दगडांतून कोरून काढलेला आहे. एका चकतीत जिन्याचा साधारण अर्धा फेरा. म्हणजे खालच्या चकतीची शेवटची पायरी आणि वरचीची पहिली, यांचा मेळ बसलाच पाहिजे. पाथरवटाचा हात जरा चुकला, तर ३० टन दगड वाया!

आता उचलण्याचं. कप्पी नवी ताकद निर्माण करत नाही. ती ओझं दोराच्या अनेक पदरांवर वाटते. पाच पदर असतील तर एकपंचमांश जोर पुरतो, पण दगड एक मीटर चढवायला पाच मीटर दोर ओढावा लागतो. दोर गुंडाळायला जमिनीवर उभे रहाट; तेलाच्या घाण्यासारखे, फक्त बैलाच्या जागी दांड्याला रेटणारी माणसं. ५३ टनांना असे अनेक रहाट एकदम लागणार, आणि खरी मेख तिथेच आहे. एक गट पुढे गेला की सगळा भार त्याच्याच दोरावर येतो आणि दोर तुटतो. अभ्यासकांचा अंदाज असा, की यासाठी भक्कम लाकडी मनोरा उभारला असावा.

या कामाची कल्पना यायला १५८६ सालचं एक उदाहरण बरं आहे. पोप सिक्स्टस पाचवे यांच्या हुकमावरून डोमेनिको फोंताना याने व्हॅटिकनचा इजिप्शियन सुळका (ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच स्तंभ) हलवला. ९०० माणसं, ४० रहाट. रणशिंग वाजलं की ओढायचं, घंटा झाली की थांबायचं. तो सुळका कितीतरी जड होता, पण त्याला ३४ मीटरवर नेऊन ठेवायचं नव्हतं. पुढच्याच वर्षी याच पोपनी ट्राजनच्या खांबावर संत पीटरचा पुतळा बसवला. ट्राजनचा मूळ पुतळा त्याआधीच नाहीसा झाला होता.

कोरीवकामाला अगदीच वगळणं बरं नाही. सुमारे २०० मीटरची पट्टी खांबाभोवती २३ वेढे घेत वर जाते. तिच्यात अडीच हजारांहून अधिक आकृत्या आहेत. लढाईपेक्षा झाडं तोडणारे, तटबंदी रचणारे सैनिकच जास्त दिसतात. ट्राजनने या युद्धावर ग्रंथही लिहिला होता. त्यातलं एकच वाक्य उरलं आहे, तेही ‘तिथून आम्ही अमक्या गावी गेलो, मग तमक्या’ अशा धाटणीचं!

दगडालाही मात्र शहराचा धूर बाधतो. धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यासह संगमरवरावर बसला की त्याचं जिप्सम होतं. काजळी धरून त्याची काळी खपली बनते आणि खपलीबरोबर चेहऱ्याचे बारकावे गळतात. १८६०च्या दशकात फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याने या पट्टीचे साचे घेववले होते. मोटारींचा धूर यायच्या आधीच्या त्या प्लास्टर प्रतींत आज मूळ दगडावर नसलेले तपशील सापडतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अशी पूर्ण उंचीची प्रत आहे, पण दोन तुकड्यांत, शेजारी शेजारी. दालनाचं छत तेवढं उंच नाही.