नावात संत आहे, म्हणून संत त्या गावचा का?

फ्रान्समधल्या ज्या गावाच्या नावात संत आहे, तो संत तिथेच जन्मला किंवा राहिला, असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं वाटणं स्वाभाविक आहे, आणि काही ठिकाणी त्याला आधारही आहे. बोर्दोजवळचं सँतेमिलियाँ ज्या एमिलियाँ साधूच्या नावाने ओळखलं जातं, तो आठव्या शतकात तिथल्याच गुहेत राहिला, असं परंपरा सांगते.

पण संत मार्टिन यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या नावाची दोनशेहून जास्त गावं फ्रान्समध्ये आहेत. ते स्वतः जन्मले आजच्या हंगेरीतल्या सोम्बाथेय इथे. ३७१ च्या सुमारास तूर शहराचे बिशप झाले आणि ३९७ मध्ये लोआर नदीकाठच्या कांद गावी वारले. मग इतर गावांना त्यांचं नाव का?

कारण बहुतेक नावं चर्चवरून पडली. कुठे जुन्या वस्तीत चर्च उभं राहिलं, कुठे चर्चभोवती वस्ती वाढली. ते ज्या संताला अर्पण केलेलं, त्याचंच नाव गावाला लागलं. मार्टिन तर फार लोकप्रिय होते. एकाच नावाची इतकी गावं झाली, की ओळखण्यासाठी पुढे बेटाचं किंवा नदीचं नाव जोडावं लागलं: सँ-मार्तँ-द-रे, सँ-मार्तँ-वेझ्युबी.

पडताळणी घरबसल्या होते. आधी नकाशात ते नाव शोधा आणि किती ठिकाणी सापडतं ते पाहा. मग संताचं चरित्र उघडून जन्म, वास्तव्य आणि मृत्यूची ठिकाणं जुळवा. जुळली नाहीत, तर गावातलं जुनं चर्च कोणत्या संताच्या नावाने आहे ते बघा. उत्तर बहुधा तिथेच मिळतं.